ओंबी पांढरी पडली की लगेच "काय मारू?" विचारू नका, गव्हाचा हा रोग मातीखाली असतो

फेब्रुवारीतली सकाळ. स्वारगेटच्या एसटी स्टँडवर बारामती, इंदापूर, फलटण, सातारा अशा पाट्यांच्या गाड्या लागलेल्या असतात. या गाड्यांमधून उतरणाऱ्या कित्येकांचं निम्मं लक्ष गावाकडच्या रानात असतं. नोकरी पुण्यात, शेत गावाला आणि दोन्हीच्या मध्ये व्हॉट्सॲप.

या दिवसांत एक फोटो हमखास येतो. हिरवागार गहू आणि त्यात मधेच उभ्या असलेल्या काही पांढऱ्याफटक ओंब्या. खाली मेसेज असतो, "दादा, ओंब्या पांढऱ्या पडल्यात. काय मारू?"

"काय मारू" म्हणजे कोणतं औषध फवारू. मग तो फोटो दोन-चार ग्रुपवर जातो. कुणी बुरशीनाशकाचं नाव सांगतं, कुणी टॉनिक सुचवतं, कुणी म्हणतं पाणी कमी पडलं असेल. संध्याकाळपर्यंत दुकानातून बाटली येते आणि दुसऱ्या दिवशी पंप पाठीवर चढतो.

आणि बहुतेक वेळा ते पैसे पाण्यात जातात.

कारण पांढरी पडलेली ओंबी ही रोगाची सुरुवात नसते, तो रोगाचा शेवट असतो. खरा खेळ जमिनीखाली, मुळाशी आणि खोडाच्या बुडाशी, कित्येक आठवडे आधीच सुरू झालेला असतो. हा रोग नेमका काय असतो, तो ओळखायचा कसा आणि त्यावर उपाय करायची खरी वेळ कोणती, ते नीट समजून घेऊ.

आधी गव्हाची मुळं समजून घ्या

गव्हाला मुळं दोन प्रकारची असतात. दाणा रुजला की त्यातून थेट फुटतात ती बीजमुळं. ती रोपाला सुरुवातीचे दिवस जगवतात. त्यानंतर जमिनीच्या पृष्ठभागाखाली साधारण दोन-तीन सेंटिमीटरवर रोपाचा एक जाडसर सांधा तयार होतो. या सांध्याला मुकुट म्हणतात. फुटवे इथूनच येतात आणि मुळांचा दुसरा, मोठा संचही इथूनच फुटतो. ती मुकुटमुळं.

गव्हाचं पहिलं महत्त्वाचं पाणी पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी द्या, असं कृषी विद्यापीठं का सांगतात, त्याचं उत्तर इथे आहे. तीच मुकुटमुळं फुटण्याची अवस्था असते. त्या वेळी ओल कमी पडली, तर फुटवे कमी येतात आणि पुढचं सगळं गणित बिघडतं.

म्हणजे मुकुट हा गव्हाचा स्वारगेट आहे असं समजा. खालून येणारं पाणी आणि अन्नद्रव्यं इथूनच वर जातात आणि पानांत तयार झालेलं अन्न इथूनच मुळांकडे उतरतं. जेधे चौकात गाडी बंद पडली की सातारा रस्त्यापासून टिळक रस्त्यापर्यंत सगळ्यांना कळतं. तसंच मुकुटात बुरशी शिरली की वरच्या ओंबीपर्यंत परिणाम पोहोचतो.

ओंबी पांढरी का पडते?

शहाळ्यात घातलेली नळी मधेच चेपली तर काय होतं? वरून कितीही ओढलं तरी पाणी येत नाही. गव्हाच्या खोडात अशाच बारीक नळ्या असतात. बुरशी मुळं कुजवते किंवा बुडाशी या नळ्या बंद करते.

डिसेंबर-जानेवारीत थंडी असते. पिकाला पाणी कमी लागतं. अर्ध्या मुळांवरही रोप तग धरतं आणि वरून पाहिलं तर सगळं ठीक दिसतं. फेब्रुवारीत ऊन वाढतं. नेमके त्याच वेळी दाणे भरत असतात, त्यामुळे पाण्याची मागणी वाढते. खालून पुरवठा होत नाही. मग हिरव्या शेतात ती एक काडी अचानक वाळते आणि ओंबी पिकल्यासारखी पांढरी दिसते. हातात घेऊन चोळली, तर आत दाणा नसतो किंवा सुरकुतलेला, पोचट दाणा असतो.

म्हणूनच शेतकऱ्याला वाटतं की रोग "एका रात्रीत" आला. रात्रीत आलेली असते ती फक्त खूण.

मातीखालचे चार आरोपी

मूळकूज आणि खोडकूज हे एकाच रोगाचं नाव नाही. वेगवेगळ्या बुरश्या हा उद्योग करतात आणि प्रत्येकीची सवय वेगळी असते.

पहिली स्क्लेरोशियम रॉल्फसी. उष्ण भागातली ही बुरशी महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकासारख्या पट्ट्यात जास्त ओळखीची. पीटर रॉल्फ्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये फ्लोरिडात टोमॅटोवर ती नोंदवली आणि पुढे तिला त्याचंच नाव मिळालं. ही बुरशी ५०० हून जास्त प्रकारच्या वनस्पतींवर जगते. सोयाबीन, भुईमूग, हरभरा, मिरची, टोमॅटो, कांदा हे सगळे तिचे यजमान. गव्हात ती बहुधा रोपं लहान असतानाच गाठते. रोपं पिवळी पडतात आणि ठिकठिकाणी मरून रांगेत मोकळ्या जागा दिसतात. बुडाशी कापसासारखी पांढरी बुरशी आणि त्यात मोहरीएवढे तपकिरी गोल दाणे दिसले, तर ही तीच. ते मोहरीसारखे दाणे म्हणजे बुरशीची शिदोरी. पीक नसतानाही ते मातीत वर्षानुवर्षं टिकून राहतात.

दुसरी बायपोलॅरिस सोरोकिनियाना. ही मुळांवर, मुकुटाच्या खालच्या भागावर गडद तपकिरी ते काळे डाग पाडते. हीच बुरशी पानांवर करपा आणते आणि दाण्याच्या टोकाला काळा डागही पाडू शकते. म्हणजे ती मातीतून येते, तशी बियाण्यातूनही येते. घरचं बियाणं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं.

तिसरी फ्युजेरियम. हिच्या काही जाती मुकुटात घर करतात. बुडाजवळचं पानाचं वेष्टन सोलून पाहिलं, तर खोड मधासारखं तपकिरी झालेलं दिसतं. काही वेळा कांडीवर फिकट गुलाबी छटा असते. पिकाला शेवटी शेवटी पाण्याचा ताण पडला की हिचा जोर वाढतो आणि पांढऱ्या ओंब्या दिसू लागतात. ती आधीच्या पिकाच्या धसकटात टिकून राहते.

चौथीचं इंग्रजी नावच "सगळं घेऊन जाणारी" अशा अर्थाचं आहे: टेक-ऑल. या रोगात मुळं डांबर फासल्यासारखी काळी होतात. पण हा मुख्यतः थंड, ओलसर हवामानाचा रोग. जगभरात तो गव्हाच्या मुळांचा सर्वात बदनाम रोग असला, तरी महाराष्ट्रातल्या उबदार, कोरड्या रब्बीत त्याची मुख्य भीती नाही. इंटरनेटवर गव्हाच्या मूळकुजीबद्दल शोधलं की सगळ्यात आधी याच रोगाचे फोटो समोर येतात. त्यामुळे परदेशातला फोटो बघून इथल्या शेताचं निदान करू नये.

प्रत्येक पांढरी ओंबी बुरशीची नसते

आता गोम इथे आहे. ओंबी पांढरी दिसली म्हणजे बुरशीच, असं नाही. वाळवीने मुळं खाल्ली तरी झाड असंच वाळतं. खोडकिड्याची अळी आतून खोड पोखरते, तेव्हाही पांढरी, पोचट ओंबी निघते. उंदराने बुडातून काडी कुरतडली, तरी लांबून चित्र सारखंच दिसतं.

फरक कळायला प्रयोगशाळा लागत नाही. पहिली चाचणी बांधावर पाच मिनिटांत होते.

पांढरी ओंबी असलेली काडी हळूच ओढून बघा. फक्त ओंबीची दांडी वरच्या वर सुटून हातात आली, तर आत अळी किंवा तिने पोखरल्याची खूण शोधा. ती असेल तर खोडकिडा.

पूर्ण झाड सहज उपटून आलं, मुळं कुरतडलेली असली आणि त्यांच्याभोवती मातीची नळी किंवा वाळवीच दिसली, तर आरोपी वाळवी.

काडी तिरकी कापलेली आणि आजूबाजूला बिळं असतील, तर उंदीर.

आणि यातलं काहीच नसेल, तर झाड ओढू नका, खुरप्याने मुळासकट खणून काढा. ओढलं की कुजलेली मुळं मातीतच राहतात आणि नेमका पुरावा हातातून जातो. माती झटका, बुडाचं वेष्टन सोला, मुळं हलक्या पाण्याने धुवा. शेजारचं एक निरोगी झाडही खणा आणि दोन्ही पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवा. निरोगी मूळ पांढरट आणि चिवट असतं. रोगट मूळ तपकिरी किंवा काळं, ठिसूळ आणि आखूड झालेलं असतं.

व्हॉट्सॲपवर पाठवायचाच असेल, तर हा फोटो पाठवा. ओंबीच्या फोटोवरून निदान करणं म्हणजे चेहरा बघून पोटदुखीचं कारण सांगण्यासारखं आहे.

मग फवारणी का चालत नाही?

याचं कारण साधं आहे. पिकावर फवारायची बहुतेक आंतरप्रवाही बुरशीनाशकं झाडात पाण्याबरोबर वरच्या दिशेने सरकतात. पानावर पडलेलं औषध पानाच्या टोकाकडे जातं, मुळाकडे उतरत नाही. बुरशी बसली आहे मुकुटात आणि औषध पडतंय पानावर. दोघांची भेटच होत नाही.

दुसरं म्हणजे, ओंबी पांढरी झाली तेव्हा ती काडी मेलेली असते. मेलेल्या काडीत दाणा भरणारं औषध बाजारात नाही.

आता इथे एक गोंधळ होतो. "पण तांबेऱ्यावर तर फवारणी चालते ना?" हो, चालते. कारण तांबेरा पानावर आणि खोडावर, म्हणजे बाहेर असतो. औषध थेट त्याच्यापर्यंत पोहोचतं. तांबेऱ्याचे बीजाणू वाऱ्यावर शेकडो किलोमीटर प्रवास करतात. म्हणून तर महाबळेश्वरला तांबेऱ्याच्या अभ्यासासाठी खास संशोधन केंद्र आहे.

मूळकुजीची बुरशी मात्र सहसा वाऱ्यावर लांबून येत नाही. ती तुमच्याच मातीत, तुमच्याच धसकटात किंवा तुम्ही पेरलेल्या बियाण्यात असते. ही वाईट बातमी आहे, कारण ती पुढच्या वर्षीही तिथेच असणार. पण चांगली बातमीही हीच आहे. शेजाऱ्याने काय केलं यावर तुमचं पीक तितकंसं अवलंबून नाही. तुमच्या रानाचा निर्णय तुमच्याच हातात आहे.

याच्याशी जोडलेली आणखी एक चूक. निफाडच्या कृषी संशोधन केंद्राने आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तांबेऱ्याला दाद न देणारे गव्हाचे चांगले वाण दिले आहेत. फुले समाधान, एमएसीएस ६२२२ ही त्यातली ओळखीची नावं. पण तांबेराप्रतिकारक म्हणजे मूळकूजप्रतिकारक नव्हे. मूळकुजीला पूर्णपणे दाद न देणारा वाण जगातही सहज मिळत नाही. वाण-वाणांत थोडा कमी-जास्त फरक असतो, इतकंच. त्यामुळे "नवीन वाण आहे, काही होत नाही" हा भरवसा इथे उपयोगाचा नाही.

नुकसान किती? एक साधा हिशेब

समजा, एकरी १५ क्विंटल गहू येईल असं पीक उभं आहे. शेतात चार-पाच ठिकाणी जाऊन प्रत्येकी १०० ओंब्या मोजल्या आणि सरासरी १० पांढऱ्या निघाल्या. म्हणजे ढोबळमानाने दहावा हिस्सा गेला, एकरी दीड क्विंटल. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या विपणन हंगामासाठी गव्हाचा हमीभाव क्विंटलला २४२५ रुपये ठरवला होता. त्या दराने हे एकरी साडेतीन हजारांहून जास्त झाले. वर उगाच केलेल्या फवारणीचा खर्च वेगळा.

महाराष्ट्रात हे नुकसान जास्त टोचतं. इथली थंडी आखूड. देशाची गव्हाची सरासरी हेक्टरी साधारण ३५ क्विंटल असताना राज्याची सरासरी त्याच्या निम्म्याच्या आसपास राहते. म्हणूनच स्वारगेटपासून जवळच असलेल्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डात उन्हाळ्यात वर्षभराचा गहू भरायला गेलं, की मध्य प्रदेशातला सिहोर, शरबती समोर येतो. मूळकूज हे या तफावतीचं मुख्य कारण नाही, ते मान हवामानाला आणि पाण्याला. पण आधीच कमी पिकणाऱ्या रानात दहावा हिस्साही मोठा असतो.

ऑस्ट्रेलियाला हे आधी कळलं

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात दक्षिण ऑस्ट्रेलियात वसाहतवाल्यांनी नव्या जमिनी फोडल्या आणि वर्षामागून वर्ष गहूच पेरला. काही वर्षांत शेतात ठिकठिकाणी गहू मरू लागला. कारण कुणाला माहीत नव्हतं. टेक-ऑल हे नाव तिथल्याच शेतकऱ्यांनी दिलं.

पुढे शास्त्रज्ञांच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. काही शेतांत गहू सलग घेत राहिलं, की आधी काही वर्षं रोग वाढतो आणि मग आपोआप कमी होतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात जेम्स कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा माग काढला. रोगट मुळांभोवती स्युडोमोनास नावाचे जिवाणू वाढत जातात आणि ते बुरशीला मारणारं रसायन तयार करतात, हे समोर आलं. थोडक्यात, मातीने स्वतःच आपलं औषध बनवलं होतं.

याचा अर्थ सलग गहू घेत राहा असा मुळीच नाही. ते सुधारायला मधली काही वर्षं मोठं नुकसान सोसावं लागतं आणि दुसऱ्या बुरश्यांच्या बाबतीत असं घडेलच याची खात्री नाही. पण यातून एक गोष्ट पक्की झाली. मातीतल्या बुरशीशी लढणारे सैनिक मातीतच असतात. त्यांना जागा द्यायची की नाही, एवढाच प्रश्न आहे.

ट्रायकोडर्मा हा त्यातलाच एक सैनिक. ती स्वतःही बुरशीच. पण ती रोगकारक बुरशीला विळखा घालते, तिचं अन्न पळवते आणि तिला खाऊन टाकते. रिचर्ड वाइंडलिंग या शास्त्रज्ञाने १९३२ मध्ये हे पहिल्यांदा नीट मांडलं. आज तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात जी ट्रायकोडर्माची पुडी मिळते, तिची गोष्ट तिथून सुरू होते.

पुण्यात बुरश्यांची बँक

हे सगळं ऐकून वाटेल की बुरशी म्हणजे परदेशातल्या प्रयोगशाळांचा विषय. पण स्वारगेटहून काही किलोमीटरवर, आगरकर रस्त्यावर बुरश्यांचा मोठा खजिना आहे. महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संस्था १९४६ मध्ये सुरू झाली. तिचे संस्थापक-संचालक शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचं नाव १९९२ मध्ये तिच्या संशोधन संस्थेला मिळालं. गव्हाच्या वाणांच्या नावात दिसणारं "एमएसीएस" हे याच विज्ञानवर्धिनीच्या इंग्रजी नावाचं लघुरूप.

या संस्थेत राष्ट्रीय बुरशी संवर्धन संग्रह आहे. देशभरातून आणलेल्या बुरश्या इथे जिवंत जतन केल्या जातात. वाळवून, नमुना म्हणून ठेवलेल्या बुरश्यांचा संग्रहही इथे आहे आणि त्याला आजरेकर या जुन्या कवकशास्त्रज्ञांचं नाव दिलेलं आहे. एखाद्या शेतातली बुरशी नेमकी कोणती, हे पक्कं सांगायचं तर ती जुन्या, ओळख पटलेल्या नमुन्यांशी ताडून बघावी लागते. असे संग्रह त्यासाठी लागतात.

शेतकऱ्याला अर्थातच थेट तिथे जायची गरज नाही. पुणे जिल्ह्यात बारामती आणि नारायणगावला कृषी विज्ञान केंद्रं आहेत, शिवाजीनगरला कृषी महाविद्यालय आहे. तिथल्या वनस्पती रोगतज्ज्ञांना दाखवायचं असेल, तर चार-पाच रोगट झाडं आणि दोन निरोगी झाडं मातीच्या ढेकळासकट खणा. ही झाडं धुवू नका. कागदात गुंडाळा. ओलं प्लॅस्टिक वापरलं तर वाटेतच दुसरी बुरशी चढते. आधी कोणतं पीक होतं, पेरणी कधी केली, पाणी कधी दिलं आणि बियाण्याला काय लावलं होतं, हे चिठ्ठीवर लिहून सोबत द्या.

मग करायचं काय, आणि कधी?

या रोगावरचा उपाय फेब्रुवारीत नसतो. तो उन्हाळ्यात सुरू होतो आणि पेरणीच्या दिवशी संपतो.

एक. उन्हाळी नांगरट. स्क्लेरोशियमचे मोहरीसारखे दाणे जमिनीच्या वरच्या थरात असतील तरच जोमाने रुजतात. खोल गाडले गेले की त्यांना हवा मिळत नाही. वर राहिलेले उन्हात तापतात.

दोन. धसकटं कुजवा, जाळू नका. काडी जाळली तरी जमिनीखालचा मुकुट तसाच राहतो आणि बुरशी तिथेच असते. जळतो तो फक्त सेंद्रिय माल. पण पेरणीच्या तोंडावर कच्चा काडीकचरा किंवा अर्धवट कुजलेलं शेणखतही मातीत घालू नका. ती बुरशीला आयती मेजवानी असते.

तीन. फेरपालट, पण आरोपी ओळखून. फ्युजेरियम किंवा बायपोलॅरिस असेल, तर एक-दोन हंगाम गव्हाऐवजी हरभरा, मोहरी अशी पिकं घेतल्याने फायदा होतो. पण स्क्लेरोशियम असेल, तर हरभरा हा तिचा आवडता घास आहे. सोयाबीनवर गहू आणि गव्हानंतर पुन्हा सोयाबीन, असं चक्र अनेक भागांत चालतं. सोयाबीनमध्ये बुडाशी पांढरी बुरशी दिसली होती का, हे आठवून बघा. दिसली असेल, तर तिची शिदोरी गव्हासाठी तयार आहे. ज्वारी, मका ही पिकं तिला त्या मानाने कमी मानवतात. निदान आधी का करायचं, ते इथे कळतं. एका बुरशीचा उपाय दुसरीचं जेवण ठरू शकतो.

चार. बीजप्रक्रिया. एकरी साधारण ४० किलो बियाणं लागतं. किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा धरलं, तर पाव किलोही लागत नाही. किंवा थायरमसारखं बुरशीनाशक किलोला ३ ग्रॅम. हे दोन्ही एकत्र करू नका. ट्रायकोडर्मा ही बुरशीच आहे, बुरशीनाशक तिलाही मारू शकतं. वाळवीचा त्रास असलेल्या रानात कीटकनाशकही लावायचं असेल, तर क्रम लक्षात ठेवा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सर्वात शेवटी ॲझोटोबॅक्टर, स्फुरद विरघळवणारे जिवाणू. पुडीवरची मुदत आणि प्रमाण वाचा. मुदत संपलेल्या किंवा उन्हात ठेवलेल्या पुडीतली ट्रायकोडर्मा मेलेली असते. काळ्या टोकाचे आणि सुरकुतलेले दाणे पेरणीआधी निवडून बाजूला काढा.

पाच. पेरणीची वेळ आणि खोली. बागायती गव्हासाठी नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा चांगला. माती गरम आणि ओली असताना फार लवकर पेरलं, तर स्क्लेरोशियमला हवं तसं हवामान मिळतं. उशीर केला, तर दाणे भरताना ऊन गाठतं आणि आधीच अधू झालेल्या मुळांवर ताण येतो. वाफसा आल्यावर पाच-सहा सेंटिमीटर खोलीवर पेरा. त्याहून खोल गेलं, तर कोंबाला मातीतून वर यायला जास्त अंतर कापावं लागतं आणि तेवढा जास्त भाग बुरशीच्या तावडीत राहतो.

सहा. पाणी. रोपं लहान असताना रानात पाणी तुंबू देऊ नका आणि दाणे भरताना ताण पडू देऊ नका. शेवटच्या टप्प्यातलं एक वेळेवर मिळालेलं पाणी मेलेली काडी जिवंत करत नाही, पण अर्ध्या मुळांवर तग धरून असलेल्या काड्या त्यावर तरतात. फेब्रुवारीत पैसे खर्चच करायचे असतील, तर ते फवारणीच्या बाटलीपेक्षा पाण्यावर करा.

आणि आपल्या पोळीचं काय?

हा प्रश्न सोशल मीडियावर येणारच, म्हणून तेही सांगून टाकू. मूळकुजीने पांढऱ्या पडलेल्या ओंबीत दाणा भरतच नाही किंवा पोचट राहतो. मळणीत आणि चाळणीत तो बहुतेक निघून जातो. त्यामुळे या रोगाचा फटका मुख्यतः शेतकऱ्याच्या पोत्याला बसतो. घरात डब्यात ओल लागून बुरशी आलेला गहू हा वेगळा विषय आहे आणि तो खाऊ नयेच.

तर पुढच्या वेळी गावाकडून पांढऱ्या ओंबीचा फोटो आला आणि खाली "दादा, काय मारू?" असा मेसेज असला, तर औषधाचं नाव पाठवू नका. "आधी खुरप्याने खणून मुळाचा फोटो पाठव" असं लिहा. आलेला फोटो मोबाईलमध्ये जपून ठेवा. रानाच्या कोणत्या कोपऱ्यात किती ओंब्या पांढऱ्या होत्या, तेही टिपून ठेवा. आणि नोव्हेंबरमध्ये, बियाण्याचं पोतं फोडायच्या आधी, तो फोटो गावाला परत पाठवा.

या रोगाचं औषध कामाला येतं ते त्याच दिवशी.